शुक्रवारची काडेपेटी

मी कमळाकर, खाडीकाठच्या आमच्या शाळेचा शिपाई. सव्वीस वर्षं झाडू माझा आणि काडेपेटीही माझी. रोज सकाळी प्रार्थनेआधी पाचोळा गोळा करायचा आणि कुंपणाशी पेटवायचा. माझी नात दिपिका चौथीत हाय. पुढं उभं राहून प्रार्थना सांगायची तिला भारी हौस. पण दुसऱ्या ओळीलाच ढास लागायची, की बाकीची प्रार्थना दुसरी पोरगी सांगायची. मी आपला खाडीपलीकडच्या कंपन्यांच्या धुराच्या नावानं बोटं मोडायचो.

तिच्या वर्गाला रूथबाई रोहेकर. त्यांचे सगळे सगेसोयरे इस्रायलला गेले. बाई म्हणतात, "तिकडं माझ्या विनोदाला हसणार कोण?" म्हणून राहिल्या पेणलाच. हसऱ्या, पण हट्टी.

बाईंनी पोरांना पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलिन फासायला लावलं आणि कार्डं पाच ठिकाणी टांगली. हवेतली काजळी त्यावर चिकटणार, मग पोरं भिंगातून बघणार. हे मला कोण सांगतंय? चार दिवसांनी कार्डं मळलेली दिसली, मी ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवली. पोरं रडकुंडीला आली. बाई मात्र हसून हसून खुर्चीत बसल्या. "कमळाकरभाऊ, अख्ख्या जिल्ह्यात इतका स्वच्छ प्रयोग झाला नसेल."

दुसऱ्यांदा टांगली तेव्हा मी हात लावला नाय. रस्त्याकडचं कार्ड करडं झालं, फाटकावरचं फिकट. सगळ्यात काळंकुट्ट निघालं माझ्या कुंपणाचं. दिपिकानंच ते वर्गात सगळ्यांना दाखवलं, मग दारात उभ्या माझ्याकडं बघून कार्ड पाठीमागं लपवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि असं झालं की मी भांडतो.

"मग पाचोळा काय डोक्यावर घेऊ?"

"खड्ड्यात कुजवा, खत होईल," बाई म्हणाल्या. "निदान एक शनिवार पेटवू नका. आम्हा ज्यू लोकांत शुक्रवारी सांजेला दिवा लावला की शनिवारभर विस्तव पेटवत नाहीत, आदल्या दिवशीच रांधून ठेवतो. अजून कोणी उपाशी मेलं नाही."

तोंड वाकडं करून का होईना, ऐकलं. त्या शनिवारी दिपिका पुढं उभी राहिली. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. मी घंटेपाशी झाडू घट्ट धरून उभा. पोरीनं शेवटपर्यंत सांगितली, ढास नाय न् काय नाय. मला रडू आलं, त्यात लाज कसली? शाळा सुटल्यावर कुदळ काढली आणि कुंपणाशी कमरेएवढा खड्डा खणला. पोरांनी टोपल्या भरभरून पाचोळा आणून टाकला, निम्मा माझ्या डोक्यावर.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटताना मी काडेपेटी बाईंच्या हातावर ठेवली.

"ही कशाला?"

"आज सांजचा दिवा लावाल ना तुम्ही. माझ्याकडं हिला आता काम नाय."