अप्पांचं तेल आणि माझा मॉनिटर

आमच्या मुरुडच्या घरात खोबरेल तेल न लागलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे माझा मॉनिटर आर्म. होती!

मॉनिटर टेबलावर न ठेवता वरच्या वर धरून ठेवणारा हा लोखंडी हात मी हौसेने घेतलेला. त्या दिवशी अकरा वाजता साहेबांसमोर डेमो होता. त्यांनी आधीच बजावलं होतं, "घरून नीट जमतंय हे दाखवा, नाहीतर सोमवारपासून पुण्याला ऑफिसात या." पुण्याला! नवरा, घर, समुद्र सगळं सोडून!

डेमो सुरू झाला आणि मॉनिटरने मान खाली टाकली. मी वर केली. त्याने पुन्हा टाकली. मागच्या सांध्याला हात लावून बघते तर बोटं तेलाने बरबटलेली!

"अप्पा!!"

सासरे दारातच, हातात तेलाची वाटी. "खाऱ्या वाऱ्यानं लोखंड सडतंय, सूनबाई. दाराच्या बिजागऱ्यांना लावलं, तसं ह्यालाबी लावलं. बघ आता कसा गुळगुळीत फिरतोय!"

साहेबांना "एक मिनिट हं" म्हणून मी त्याच तेलकट बोटाने टचपॅडवर माइक बंद केला आणि तोंड सोडलं. "तो फिरायला नको होता, अप्पा! घट्ट राहायला हवा होता! उद्या माझ्या लॅपटॉपला फोडणी द्याल!"

"मंग आदी सांगायचंस न्हाय का?"

संतापाने मी स्क्रू पिळायची ॲलन की उचलली आणि दिसला तो स्क्रू करकचून आवळला. तो नेमका उंची वाढवणारा निघाला! मॉनिटरची मान तशीच खाली, वर अख्खा मॉनिटर छताकडे निघाला.

"राजन, काढ तो मॉनिटर!" मी नवऱ्यावर ओरडले.

"अगं, आत स्प्रिंग आहे, आधी तो आर्म..."

"अक्कल शिकवू नकोस! काढ म्हटलं की काढायचं!"

बिचाऱ्याने काढला. ओझं उतरल्याबरोबर आर्म जो उसळला, तो थेट पावसाळ्यासाठी आढ्याला टांगलेल्या सुक्या बोंबलांच्या पिशवीत घुसला. पिशवी फाटली. माझ्या डोक्यावर बोंबील, कीबोर्डवर बोंबील, गळ्यातल्या ओढणीत बोंबील! मग मी जे काही बोलले, ते कोळीवाड्यातसुद्धा जपून बोलतात.

राजन मॉनिटर छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा. मॉनिटरवरचा कॅमेरा माझ्याकडे रोखलेला, आणि पडद्यावर साहेबांसकट अख्खं पुणे ऑफिस माझ्याकडे बघत होतं.

"माइक?" मी पुटपुटले.

"तेलकट बोटाने कुठला बंद व्हायला!" राजन म्हणाला.

साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, तुम्ही घरूनच काम करा. कायमचं. आमच्या ऑफिसातली माणसं जरा हळवी आहेत."

"बघ, तेलाचा गुण!" अप्पा वाटी नाचवत म्हणाले.

असा संताप आला म्हणून सांगू! साहेबांवर, अप्पांवर, त्या मेल्या आर्मवर! ठेवणीतले शब्द अगदी ओठांवर आले होते, पण गोड हसून मी केसांतला बोंबील काढला आणि "थँक यू, सर" म्हणाले. माइक अजून चालू होता ना!