रंगाआधीचे इंजिन

श्री. भास्करराव टाकळकर यांची आणि माझी पहिली भेट शेंद्र्याच्या एका कारखान्यात झाली, आणि ती भांडणातून झाली. ते टूलरूमचे प्रमुख होते, मी तपासणी विभागात नवाच. त्यांच्याकडून आलेला एक साचा मापात बसत नाही म्हणून मी परत पाठवला. सारी टूलरूम माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहू लागली. नाना (त्यांना सारे याच नावाने ओळखतात) स्वतः आले, माप घेतले आणि आपल्या माणसांना म्हणाले, "साहेब बरोबर हायत. चूक आपली हाय."

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खणातून रुपयाएवढे एक पितळी चाक काढून माझ्या हातावर ठेवले. "हे पन तपासा." मी भिंगाखाली धरले, फिरवून पाहिले, काही दोष नाही असे सांगितले. नाना नाराज झाले. "नीट बघा की. हाय." सातवा आरा केसभर वाकडा होता. ते त्यांना ठाऊक होते, आणि मला दिसतो की नाही एवढेच त्यांना पाहायचे होते.

ते चाक वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीचे होते. नानांचा हा छंद हा गौरवग्रंथ काढणाऱ्या आपल्या मंडळातल्या अनेकांना माहीत असला तरी त्यातली मेहनत फारशी कोणी पाहिलेली नाही. परदेशातून एक खोका येतो. त्यात पितळेचे पातळ पत्रे असतात आणि मऊ पांढऱ्या मिश्रधातूचे ओतीव बारीक भाग. ते सुटे करायचे, कानसायचे, वाकवायचे आणि डाख देऊन जोडायचे. दोन-अडीच वर्षांनी वीतभर इंजिन उभे राहते. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, "आमच्या घरात दोन देवघरं. माझ्यात उदबत्तीचा धूर, ह्यांच्यात डाखाचा. आन नवस ह्यांच्याच देवाला जास्ती लागतो."

मलाही ही विद्या शिकायची हौस आली. पहिल्याच रविवारी मी पितळेसाठी तापवलेली डाख देण्याची कावी पांढऱ्या धातूच्या धुराड्याला लावली. धुराडे तुपासारखे वितळून टेबलावर पसरले. नानांनी पाहिले आणि म्हणाले, "चला, नैवेद्य झाला. आता च्या घेऊ." पुढचे दोन रविवार बसून त्यांनी पितळी सळईतून नवे धुराडे कातले. पहिले कोणी बिघडवले ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आता त्यांच्या एका रीतीविषयी. जोडणी झाली की नाना इंजिन कोऱ्या धातूतच ठेवतात. ज्याने तसे इंजिन खरोखर चालवले आहे असा माणूस शोधायचा, त्याच्यापुढे ते ठेवायचे, तो सांगेल ते दुरुस्त करायचे आणि मगच रंग. त्यांचे म्हणणे असे, की खोक्यातला नकाशा कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा असतो, आणि इंजिन वीस वर्षे दुरुस्तीच्या शेडमध्ये ठोकून-सांधून वेगळेच झालेले असते. ते काम करणाऱ्यालाच ठाऊक. रंग चढला की चूक झाकते, आणि समोरचा माणूसही भिडेपोटी छान म्हणून मोकळा होतो.

त्यांचे आठवे इंजिन आपल्याच स्टेशनातून पूर्वी जाणाऱ्या जुन्या मीटरगेज गाडीचे. त्यावर त्यांची पाच वर्षे गेली. असे इंजिन चालवलेल्या माणसाला नाना साक्षीदार म्हणतात. या वेळी साक्षीदार सापडले ते वैजापूरचे इस्माईलचाचा, त्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन. वय नव्वदीच्या घरात. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसराही जात चाललेला. त्या डोळ्याने त्यांना ते इंजिन पाहता यावे म्हणून नानांनी भराभर हात चालवला. एरवी ते घाई करत नाहीत. वैजापूरला जायचा दिवस ठरला.

त्याआधी आठ दिवस नाना लेकीकडे लातूरला गेले. त्यांच्या कामाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर इंजिनाचे छायाचित्र असावे असे समितीत ठरले होते, आणि पितळेचे उघडे इंजिन फोटोत काय शोभणार, असा विचार मी केला. मी ते काळ्या रंगाने रंगवले. वीस वर्षांच्या सहवासानंतर केलेला हा माझा शहाणपणा.

नाना परतले. इंजिन उचलून फिरवून पाहिले आणि मला म्हणाले, "च्या घेतला का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी रंग काढायला घेतला. रंगासोबत चिकटवलेले बारीक भागही निघाले, काही हरवले, ते पुन्हा घडवावे लागले. यात अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत चाचांचा दुसरा डोळा गेला.

चाचांचा फोन आला, तो मीही ऐकला. "नाना, आता काय येता? मेरेकू दिसता नै कुछ."

"हात हायत न्हवं, चाचा? मी येतो."

गाडी मी चालवली. चाचा बाजेवर बसले होते. नानांनी इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवले. चाचांची बोटे धुराड्यापासून मागे सरकत आली. "बराबर. बराबर." मग थांबली. "डाव्या बाजूची पायरी अजून खाली पायजे. मी बुटका, म्हनून शेडवाल्यांनी मुद्दाम खाली लावली व्हती." नानांनी लिहून घेतले. बोटे चढायच्या दांडीवर आली आणि पुन्हा थांबली. "इथं सुतळी व्हती. उन्हाळ्यात लोखंड भाजायचं. मीच गुंडाळली व्हती."

नानांनी चाचांच्या सुनेकडून काळा दोरा मागितला. खिशातून बारीक चिमटा काढला आणि तिथेच, बाजेच्या कडेला बसून, त्या काडीएवढ्या दांडीवर एकेक वेढा बसवला. त्याला पाऊण तास लागला. चाचांनी दोऱ्यावरून नख फिरवले, मग दांडी दोन बोटांत घट्ट धरली. "हां. अब चढ सकता मैं," ते म्हणाले. त्यांनी दांडी बराच वेळ सोडली नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

चाचांना ते इंजिन दिसू शकले असते. माझ्यामुळे दिसले नाही. नानांनी याचा उच्चार कधी केला नाही आणि करणारही नाहीत, म्हणून हा लेख मी मागून घेतला. परत येताना ते एवढेच म्हणाले, "सुधाकरराव, साक्ष झाली. पायरी खाली घेतो, मग रंग तुमी द्या."

नानांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. कौतुक करणे माझ्या स्वभावात नाही, मागायचे तेही मी मोजूनच मागतो. त्यांचा हात असाच स्थिर राहो, नजर शाबूत राहो, काकूंची साथ आणि प्रकृती दोन्ही उत्तम राहोत. टेबलाखाली नवव्या इंजिनाचा खोका आला आहे. तेवढे आयुष्य त्यांना लाभो, आणि त्याच्या साक्षीदाराला ते डोळ्यांनी पाहता येवो.