बंद भट्टीची हाक

भट्टी बंद होती. मी हात लावून पाहिला, पत्रा गार. तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली : ‘भट्टी तापली. ऑपरेटर सलीम, ताबडतोब या.’

माझ्या शेजारी उभा असलेला रफिक हळूच म्हणाला, “आलो, भाई.”

सलीम त्याचा थोरला भाऊ. न्हावऱ्याला घरी जाताना मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्याला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

कारेगावजवळचा हा कारखाना. पार्टस् कडक करायला भट्टीत तापवायचे. भट्टी प्रमाणाबाहेर तापली की स्क्रीनवर इशारा यायचा. मी तेव्हा शिरूरला राहून आसपासच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करायचे. स्क्रीनवर संदेश दाखवणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता आणि तो माणूस केव्हाच परदेशी गेला होता.

सुपरवायझर कांबळे म्हणाले, “मॅडम, पोरं भट्टीवर जायला तयार न्हाईत. म्हणत्यात, सलीम बोलवतोय.”

“आणि तुम्ही?”

“मी भुताखेताला मानत न्हाई. पण दुपारी एकटा असलो की तिकडं बघत न्हाई.”

मी प्रोग्रॅम उघडला. नाव का येतं, ते तासाभरात सापडलं. व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायचा डबा. इथे ‘ऑपरेटर’ नावाचे डबे दोन होते. एक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका वेगळ्या तुकड्याच्या, आत, एक बाहेर. नाव एकच, पण डबे वेगळे. आतला बाहेरून दिसत नाही आणि नाव एकच असल्यानं बाहेरचा आतून झाकला जातो. यालाच स्कोप म्हणतात. पाळीवर आलेल्या कामगारानं मशीनला आपलं ओळखीचं कार्ड दाखवलं की आतल्या डब्यात नवं नाव पडायचं. तापल्याचा इशारा मात्र बाहेरच्या डब्यातलं नाव वापरायचा आणि तो डबा प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच भरायचा. सलीमच्या शेवटच्या पाळीत लाईट गेली होती. कॉम्प्युटर परत सुरू झाला तो त्याच्या कार्डावर.

“म्हंजी भाई तिथंच अडकलाय,” रफिक म्हणाला.



पण भट्टी गार असताना ती तापल्याचा संदेश का? प्रत्येक संदेश तयार होताना त्याला वेळ चिकटेल अशी ओळ मी घातली, बाहेरच्या डब्यातलं नावही तसंच ठेवून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, भट्टी बंद असताना, पुन्हा तोच संदेश आला. त्यावरची वेळ सकाळची होती. सकाळी भट्टी चालू होती; बाकीची पोरं नको म्हणाली तरी रफिक ती चालवत होता.

मग संदेश स्क्रीनपर्यंत कसा येतो, ते मी शोधलं.

संदेश थेट स्क्रीनवर जात नव्हते. ते आधी मेमरीतल्या एका भांड्यात साठत. भांडं भरलं की सगळे एकदम बाहेर पडत. हे आऊटपुट बफरिंग. साध्या नोंदींचं त्यानं काही बिघडत नाही. इशाऱ्याचं बिघडतं. भट्टी खरोखरच तापत होती आणि आम्हाला कळत होतं ती गार झाल्यावर.

“कांबळेसाहेब, भट्टी लावू नका. आधी उघडून बघा.”

“प्रॉडक्शन थांबलं तर वरचे मला विचारतील.”

“माझं नाव सांगा.”

मेंटेनन्सवाल्यांनी भट्टी उघडली. भट्टी जास्त तापू नये म्हणून फिरवायच्या थंड पाण्याचा पाइप आतून क्षारानं बुजत आला होता. अजून काही दिवस तशीच चालवली असती तर फुटली असती आणि समोर रफिक असता.

पाइप बदलला. मी बाहेरच्या डब्यात प्रत्येक कार्डाचं नाव जाईल असं केलं आणि इशारा तयार होताच भांडं रिकामं होईल, म्हणजे फ्लश होईल, अशी ओळ घातली. चाचणीला इशारा क्षणात आला : ‘ऑपरेटर रफिक.’

रफिकनं विचारलं, “आता भाईचं नाव न्हाई येणार?”

“नाही.”

“बरं केलं,” म्हणाला आणि तोंड फिरवून हातमोजे घालू लागला.

पोरं आजही म्हणतात, सलीमनं भावाला वाचवलं. मी वाद घालत नाही. नाव बरोबर आलं असतं, तर उशिरा येणाऱ्या इशाऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं आणि मला कुणी बोलावलं नसतं. एका चुकीनं दुसरी पकडून दिली. नवीन प्रोग्रॅमरनं मात्र याच्या भरवशावर राहू नये. डबा कुठला ते तपासावं आणि इशारा कधीही साठवून ठेवू नये.