बोरिवलीहून आलेल्या पिशव्या

नवऱ्याच्या कंपनीने पगार अर्ध्यावर आणला, त्या वर्षी मी नवे कपडे घेणं बंद केलं. विक्रोळीतल्या आमच्या घराचं भाडं, मुलीची फी, सासूबाईंची औषधं, एवढं झाल्यावर कपड्यांपर्यंत काही पोचायचंच नाही. पण पवईच्या एका ऑफिसात मी रिसेप्शनवर बसत होते. तिथे येणारा माणूस आधी माझ्याकडेच बघतो. त्याच पाच कुर्त्या आलटून पालटून घालताना वाटायचं, सगळ्यांना त्या पाठ झाल्या असणार.

कॉलेजपासूनच्या आम्ही तिघी मैत्रिणी. एक मुलुंडला राहते, शाळेत शिकवते, आवाज मोठा. दुसरी लग्न होऊन बोरिवलीला गेलेली, आमच्यात सगळ्यात टापटीप. कपडे बदलून घ्यायची कल्पना मुलुंडवालीची. "मला माझ्या कपड्यांचा वीट आलाय, तुला तुझ्या. मग बदलूया ना! दुकानात कशाला जायचं?" आमची अंगकाठी साधारण सारखी. एखादी टीप मारली की काम भागायचं.

दर दीड-दोन महिन्यांनी शनिवारी दुपारी मुलुंडवालीकडे जमायचं ठरलं. धुऊन इस्त्री केलेले चार-पाच कपडे प्रत्येकीने आणायचे, पलंगावर पसरायचे, आवडेल ते उचलायचं. पहिल्या खेपेला आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. "आपण शिकलेल्या बोहारणी झालो गं," मुलुंडवाली म्हणाली, "फक्त भांडी तेवढी नाहीत."

बोरिवलीवालीच्या दोन पिशव्या असायच्या, फुगलेल्या. त्यांतून निघायचे ते तिचे सगळ्यात चांगले कपडे. इरकल, कोरे वाटावेत असे सलवार-कमीज, पहिल्या पगारात घेतलेला मोरपंखी चिकनचा कुर्ता. आणि परत नेताना ती उचलायची आमच्यातलं सगळ्यात विटलेलं. माझी कॉलर झिजलेली कुर्तीसुद्धा तिने नेली. मी ती खरं तर पुसायला काढणार होते.

मला ते लागलं. दुसऱ्या खेपेला मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"माझी कीव करतेस का? पगार कमी झालाय, भीक नाही मागत मी."

ती कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही गं. नोकरी सोडली, आता मला घरातच तर घालायचे असतात. चांगले कपडे घालून जाऊ कुठे?"

मला उत्तर पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं, कारण तो चिकनचा कुर्ता मला हवा होता. त्याच्या बाह्या लांब होत्या, म्हणून टेलरकडून कोपरापर्यंत कापून घेतल्या. ऑफिसात दोघींनी विचारलं, कुठून घेतलास. मी आठवडाभर खुशीत होते.

चौथ्या खेपेला तिच्या पिशवीतून मी एक जांभळी साडी उचलली. घरी आणून घडी मोडली, तर आतून पाकीट पडलं. तिच्या मार्कशीट, पदवीचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक. मला वाटलं, चुकून आलं. लगेच फोन लावला. तो तिच्या नवऱ्याने उचलला.

"ती आंघोळीला गेलीय. काय काम होतं?"

"तिची साडी आणली ना मी, त्यात..."

"त्यात काय?"

आवाजात राग नव्हता. पण ते दोन शब्द इतके झटकन आले की माझी जीभ अडखळली. "फॉल निघालाय," मी म्हटलं. "म्हटलं, हिच्याकडे मॅचिंग दोरा आहे का विचारावं." खोटं का बोलले, ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही. पाकीट मी डब्यात घालून माळ्यावर ठेवलं.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी भर दुपारी, ती माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, तीत एक मेथीची जुडी. घरी भाजी आणते म्हणून निघाली होती.

"माझे कपडे आहेत ना तुमच्याकडे?" ती म्हणाली. "मी परत जाणार नाहीये."

मी अर्धा दिवस टाकला आणि तिला घरी आणलं. मुलुंडवाली शाळेतून निघून, वाटेत घरून तिचे कपडे उचलून आली. तेव्हा तिने सांगितलं. नवरा हात उचलायचा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. कोपऱ्यावरच्या भाजीपलीकडे एकटीने जायला बंदी. आमच्याकडे येऊ द्यायचे, कारण घराला खर्च न पडता कपडे बदलून मिळतात यावर तिची सासू खूश होती. सासू तिचं कपाट रोज उघडून बघायची. कप्पा रिकामा दिसला असता तर संशय आला असता. म्हणून एक चांगला कपडा बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी आमचा एक जुना ठेवायचा. असं चार शनिवारांत तिने स्वतःला त्या घरातून बाहेर काढलं होतं.

आम्ही दोघींनी असेल नसेल ते आणून माझ्या पलंगावर ठेवलं. ती एकेक कपडा उचलून बघत होती. चिकनचा कुर्ता हातात आला तेव्हा थांबली.

"बाह्या कापल्यास?"

मला रडू फुटलं. "मला काय माहीत गं! सांगायचंस ना एकदा तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघी भांडायला बोरिवलीला आल्या असत्यात," ती म्हणाली. "आणि भांडून तुम्ही घरी गेल्यावर मी तिथेच असते."

मुलुंडवालीने तो कुर्ता तिच्या हातातून घेऊन नीट घडी घातली.

संध्याकाळी तिचा नवरा आला. बेल वाजली तशी ती आतल्या खोलीत गेली. मी उठणार तोच सासूबाईंनी मला हाताने बसवलं आणि स्वतः दार उघडलं. त्या देवगडच्या, माझ्या मैत्रिणींचं येणं-जाणं त्यांना कधी फारसं रुचलं नव्हतं. तो नमस्कार करून गोड आवाजात विचारायला लागला, वहिनींना जरा बोलवा, माझी बायको इकडे आलीय का.

"सुनेक कशाक इचारतस? माका इचार," सासूबाई म्हणाल्या. "हंय तुझा कोण नाय. आणि मोठ्यान बोललंस तर सगळी बिल्डिंग गोळा करीन."

तो जिना उतरेपर्यंत त्या दार धरून उभ्या होत्या. मग वळल्या आणि मला म्हणाल्या, "भात लाव. एक मूठ जास्ती घाल."

ती आमच्याकडे महिनाभर राहिली. माळ्यावरच्या पाकिटातले कागद घेऊन मुलाखतींना गेली. आता दहिसरला खोली घेऊन राहते, एका औषधांच्या एजन्सीत बिलांचं काम बघते. घटस्फोटाची केस अजून चालू आहे.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तिच्या धीराचं कौतुक करताना मी थकत नाही, पण माझ्याबद्दल मला तसं काही वाटत नाही. चार शनिवार ती माझ्यासमोर बसली होती, आणि मी बाह्यांची लांबी बघत होते.

परवा तारखेला मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. नाव पुकारलं, दोन मिनिटांत पुढची तारीख मिळाली. बाहेर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "त्या घरात रोज सकाळी उठायचीस तेव्हा काय वाटायचं गं तुला?"

ती हळूहळू बोलायला लागली. ग्लास रिकामे झाले तेव्हा तिचं बोलणं न तोडता मी चहावाल्याला खुणेने आणखी दोन सांगितले.