राजूरच्या उतारावरचा ड्रायव्हर

मुलांनो, राजूरहून येताना आमची जीप बंद पडली, म्हणून मी तांदळाच्या एका ट्रकमधून अकोल्याला आले. ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलंच. उतार आला की त्याचा हात आपोआप गिअरकडे जायचा आणि माझ्याकडे बघून तो मागे घ्यायचा.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, आजी. मालक रोज अ‍ॅव्हरेज बघतो. पन मंग सगळा भार ब्रेकवर येतो. आज तुमी हायत, गिअरमधीच जाऊ."

इंजिन उतारभर घरघरत राहिलं.

अकोल्यात मी उतरले. ट्रक पुढे निघाला. मी कान देऊन उभी राहिले. पुढचा उतार लागला आणि इंजिनाची घरघर एकदम मंदावली.