चार नंबरची चिप

नंबरकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांचं एकच काम: वितळलेलं पोलाद वाहून नेणाऱ्या अवाढव्य भांड्यांची निगा राखायची. भांड्यात माणूस उभा मावेल, आणि आतून भट्टीच्या विटांचं अस्तर. पंचेचाळीस खेपा झाल्या की अस्तर फोडून नवं लावायचं. वीट झिजली तर पोलाद भांड्याचा बाहेरचा पत्रा फोडून बाहेर येतं, आणि खाली कोण उभं आहे हे ते विचारत बसत नाही.

पूर्वी भांड्यांवर रंगाने नंबर लिहायचे, ते दोन दिवसांत जळून जायचे. पण काकांना नंबर लागायचाच कुठे? अकराच्या गालाला खड्डा आहे, चारचा कान वाकडा आहे, असं ते पोटच्या पोरांबद्दल बोलावं तसं बोलायचे.

मग भांड्यांवर बसवायच्या चिपा आल्या. पहिला महिनाभर काकांनी त्यांना नावं ठेवली आणि नंतर असे काही प्रेमात पडले की नव्या माणसाला धरून दहा मिनिटं व्याख्यान दिल्याशिवाय सोडत नसत. नखाएवढा स्फटिक, ना बॅटरी ना काही. खांबावरचा वाचक, म्हणजे चिप वाचणारं यंत्र, रेडिओची एक हाक मारतो, त्या हाकेने स्फटिकाच्या पाठीवर बारीक तरंग उठतो. पाठीवर धातूच्या रेघा आखलेल्या असतात, त्यांना थडकून तरंग तुकड्यातुकड्याने परत येतो. कोणता तुकडा किती वेळाने परतला, तोच नंबर. शिवाय तापलं की तरंग रेंगाळतो, म्हणून पत्र्याचं तापमानही कळतं. ‘‘विहिरीत खडा टाकल्यासारखं आहे बघ,’’ काका म्हणायचे. ‘‘पायऱ्या हलत नाहीत, त्यामुळे नंबर बदलत नाही.’’

नियमही त्यांनीच घातला होता. दुरुस्तीला आलेल्या भांड्याची चिप काढली की ती परत लावताना दोनदा वाचायची, स्क्रू पिळण्याआधी आणि पिळल्यानंतर. सगळ्या चिपा दिसायला सारख्या, वरून काही म्हणता काही कळत नाही. नियम मोडणाऱ्याची काका अशी खरडपट्टी काढत की तो आठवडाभर त्यांना टाळायचा.

त्या दिवशी दुपारी ते वाचकाच्या पडद्यासमोर बसले होते. क्रेनने भरलेलं भांडं खांबापुढून नेलं. पडद्यावर आलं: चार नंबर, खेप बारावी, पत्रा तीनशे चाळीस अंश.

काकांनी चष्मा पुसला. चारला दोन आठवड्यांपूर्वीच नवं अस्तर लागलं होतं. नव्या विटांच्या भांड्याचा पत्रा दोनशेच्या वर जायचं कारणच नव्हतं. शिफ्टचे साहेब मागून डोकावले आणि म्हणाले, चिप बिघडली असेल, उद्या बदलून टाका.

‘‘बिघडली तर ती गप्प बसते, साहेब. खोटं बोलत नाही.’’

हे वाक्य त्यांनी आजवर शंभरदा म्हटलं असेल. या वेळी ते म्हणता म्हणता त्यांच्या ध्यानात आलं. चार नंबर खोटा नसेल, तर चारची चिप चारवर नव्हती.

चारला अस्तर लागलं त्याच दिवशी अकरा नंबरही दुरुस्तीला आलं होतं, नुसतं तोंड बदलायला. अस्तर जुनंच, अडतीस खेपा झालेलं. दोन्ही चिपा एकाच बाकावर ठेवल्या होत्या. काका धावतच शेडच्या कोपऱ्यात गेले. तिथे ‘अकरा’ नंबर राखीव म्हणून उभं होतं. त्यांनी शिडीवर चढून आत बॅटरी मारली. आतल्या विटा कोऱ्या करकरीत होत्या. बाहेरून कान वाकडा होता. तो वाकडा कान दोन आठवडे तिथेच होता, पण चिपा आल्यापासून काकांनी भांड्यांकडे बघणंच सोडलं होतं.

अडतीस आणि बारा, पन्नास. आणि पन्नासाव्या खेपेचं ते भांडं आता ओतकामाच्या मचाणावर टांगलं जाणार होतं. त्याच्या खाली पोलादाची धार सोडायचा दांडा धरून उभी असते ती काकांची थोरली लेक.

शिडीवरून ते कसे उतरले हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. क्रेनवाल्याच्या फोनवर ते एवढंच म्हणाले, ‘‘राखीव खड्ड्यात ओत. ते चार नाही, अकरा आहे.’’ क्रेनवाल्याने एकही प्रश्न विचारला नाही. भांडं मचाणाच्या अलीकडे वळलं आणि खड्ड्यात रिकामं होईपर्यंत त्याच्या बुडाजवळचा पत्रा लालबुंद झालेला सगळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी निवल्यावर मोजलं तेव्हा तिथे बोटभर वीट उरली होती. साहेब म्हणाले, अहवालात चिपेचा दोष लिहू, नाहीतरी काकांनीच वाचवलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. बाकावरच्या चिपा आपणच उचलून लावल्या, जेवणाची घंटा झाली होती, दोनच तर आहेत म्हणून एकदाही वाचल्या नाहीत, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. लेक दाराशी उभी होती.

ती आता रडेल, रागावेल, निदान जवळ तरी येईल, असं काकांना वाटलं. ती साहेबांकडे वळली.

‘‘साहेब, उद्यापासून माझ्या मचाणावर येणाऱ्या भांड्याची चिप बाबांनी लावायची नाही. लावली तर मी खाली उभी राहणार नाही.’’

साहेब गडबडले. म्हणाले, अगं, वडील आहेत तुझे.

‘‘म्हणून तर तुम्हाला सांगतेय. त्यांना नाही सांगता येणार मला.’’

तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर त्यांनी स्वतः हेच शिकवलं असतं. त्यांनी खिशातून चिपांच्या कपाटाची किल्ली काढली, तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडले.