येऊन राहिली

सिंगापुरात जुरोंग आयलंडला नेणारी कंपनीची बस दिसली, तसा माझा तुर्की सहकारी त्याच्या गावच्या बोलीत म्हणाला, "गेलिप दुरू." शब्दशः 'येऊन उभी आहे', अर्थ 'येतेय'. इस्तंबूलवाले याला हसतात म्हणे. आम्ही नागपूरकर 'येऊन राहिली' म्हणतो, आम्हालाही हसणारे आहेत.

बिशानला राहणाऱ्या एका पुणेरी मित्राच्या घरी हे सांगितलं. "काय श्रीमंत बोली असतात एकेक," तो भारावला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी म्हटलं, "निघूनच राहिलो."

फोन ठेवताच मित्राने समजावलं, "निघतोय म्हणावं. मुलांच्या कानावर शुद्ध पडायला हवं." मग लेकीला म्हणाला, "काकांना लिफ्टपर्यंत सोडून ये."

"कॅन लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे 'हो, सोडते की'.

नुसतं सहायक क्रियापद. पण मित्राला चाललं, नागपूरचं नव्हतं ना.